विमानांतील उद्धटपणा आणि आपली तक्रार

पालघर, बोईसर, तारापूर येथील पुष्कळ घरांतून आतां मुलगा बंगळुरास तर मुलगी परदेशीं अशी स्थिति असते. त्यामुळें ज्या आजीबाईंनीं डहाणूच्या लोकलखेरीज फारसा प्रवास केला नाहीं, त्याही मुंबईच्या विमानतळावर जाऊं लागल्या आहेत. विमानांतील एखादी सेविका त्यांस तुसडेपणानें बोलली, म्हणजे घरांतला क्षोभ आठ दिवस चहाबरोबर पुरतो. नातेवाइकांस सांगून होतें, शेजाऱ्यांस सांगून होतें. ज्या कंपनीस सांगावयाचें, तिला मात्र कोणी एक ओळ लिहीत नाहीं. आणि आजीबाई ‘पुन्हां विमानांत बसणें नको’ म्हणून नातवंडांच्या भेटीस मुकतात.

जाग्यावर भांडून तर कांहींच साधत नाहीं. २३ मार्च २०१७ रोजीं उस्मानाबादचे त्या वेळचे खासदार रवींद्र गायकवाड पुण्याहून दिल्लीस गेले. विमानांत सर्व आसनें साध्या वर्गाचींच होतीं, ही त्यांची तक्रार. तींत अगदींच तथ्य नव्हतें असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु दिल्लीस त्यांनीं एअर इंडियाच्या अधिकाऱ्यास चपलेनें मारलें आणि तें स्वतःच वार्ताहरांस सांगितलें. आसनाचा प्रश्न तेथेंच संपला! विमानकंपन्यांनीं प्रवास नाकारला, खासदारांस आगगाडी धरावी लागली, आणि मंत्र्यांस खेदाचें पत्र दिल्यावर एप्रिलमध्यें बंदी उठली. त्याच वर्षीं सप्टेंबरांत नवे नियम झाले: तोंडानें केलेल्या गैरवर्तनास तीन महिन्यांपर्यंत, शारीरिक गैरवर्तनास सहा महिन्यांपर्यंत बंदी.

म्हणून प्रथम पाहावें कीं, झालें तें उद्धटपण होतें कीं आज्ञा. पट्टा बांधा, पिशवी पुढच्या आसनाखालीं सारा, हें सांगतांना सूर कोरडा होणारच. सेविकेचें पहिलें काम चहा देणें नसून संकटांत लोकांस बाहेर काढणें हें आहे. पण आजीबाईंनीं पाणी मागितलें आणि ‘इंग्रजी येत नाहीं तर विमानांत येतां कशाला?’ असें उत्तर मिळालें, तर तो निव्वळ अपमान होय.

तो त्याच दिवशीं लिहावा. उड्डाणाचा व आसनाचा क्रमांक, तारीख, तिकिटावरील पीएनआर, अंदाजें वेळ, सेविकेच्या पट्टीवरील नांव दिसलें असल्यास तें, आणि ती जे शब्द बोलली तेच शब्द. आमच्या एकत्र कुटुंबांचा दोष येथेंच आड येतो. आजीचें वाक्य काकांच्या तोंडीं वाढतें, आत्याबाईंच्या तोंडीं आणखी चढतें, आणि रात्रीं नातू लिहावयास बसतो तोंवर ‘जरा थांबा’ याचें ‘चालते व्हा’ झालेलें असतें. शेजारच्या प्रवाशानें वेगळें सांगितलें कीं सारी तक्रार पोकळ ठरते. तेव्हां जिचा अपमान झाला तिनें सांगावें, एकानें लिहावें, बाकीच्यांनीं गप्प बसावें. बोर्डिंग पासाचा तुकडाही जपावा. आपल्याकडे तो प्रथम केरांत जातो. शेवटीं काय हवें तें एका वाक्यांत मागावें: लेखी दिलगिरी किंवा खुलासा. ‘तिला काढून टाका’ असें लिहिलें कीं वाचणारा आपोआप तिच्या बाजूस जातो.

पत्र आधीं कंपनीच्या नोडल अधिकाऱ्यास, मग तिच्याच अपील अधिकाऱ्यास धाडावें. तेथें दाद न लागल्यास सरकारच्या ‘एअरसेवा’ या संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वयें तक्रारदार राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आंत जातां येतें. कंपनीचें कार्यालय दिल्लीस असलें, तरी बोईसरच्या माणसास तेथें खेटे घालावयास नकोत. तथापि केवळ कडू शब्दांसाठीं, साक्षीदार नसतां, आयोगाची पायरी चढूं नये असें आमचें मत आहे.

कंपनीचें उत्तर बहुधा इंग्रजींत येतें. तें घरांतल्या शिकलेल्यांनीं वाचून कपाटांत ठेवूं नये. आजीबाईंस समोर बसवून मराठींत सांगावें, आणि पुढच्या प्रवासाचें तिकीट काढावयाचें असल्यास तेंही त्याच वेळीं काढावें.