कुठून, कुठपर्यंत?

समीक्षेच्या तासाला 'अंतर' हा शब्द ज्या सहजतेने उच्चारला जातो, त्या सहजतेची आम्हांला अलीकडे थोडी धास्ती वाटू लागली आहे. समीक्षकाने कलाकृतीपासून योग्य अंतर राखावे, लेखकाने अनुभवापासून दूर होऊन लिहावे, अशी वाक्ये आम्ही स्वतः वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिली आहेत. उत्तरपत्रिकांतून ती जशीच्या तशी परत आली तेव्हा त्यांना गुणही दिले आहेत. या वाक्यांत खोटे काही नाही. मात्र त्यांना विचारायचा एक साधा प्रश्न आम्ही कधीच विचारला नव्हता. तो आम्हांला लेथवर काम करणाऱ्या एका टर्नरने शिकवला. ती हकीकत थोडी तांत्रिक आहे. साहित्याच्या वाचकांनी ती धीराने वाचावी, एवढी विनंती.

आमच्या महाविद्यालयात आठ इंची श्मिट-कॅसेग्रेन दुर्बीण आहे. भौतिकशास्त्राचे एक सहकारी आणि आम्ही दोघे मराठीचे अध्यापक, अशा तिघांनी तिच्यातून आकाशाची छायाचित्रे घ्यायचे ठरवले. या दुर्बिणीचे नाभीय अंतर २०३२ मिलिमीटर. ग्रह पाहायला ते उत्तम, पण मृग नक्षत्रातील तेजोमेघ सुमारे एक अंश पसरलेला आहे आणि आमच्या कॅमेऱ्याच्या चौकटीत तर दोन तृतीयांश अंशच मावतो. अशा वेळी दुर्बिणीच्या मागे फोकल रिड्यूसर नावाचा भिंगांचा एक लहानसा संच बसवतात. दुर्बिणीतून येणारा प्रकाशाचा शंकू तो अधिक लवकर मिटवतो. त्यामुळे नाभीय अंतर ०.६३ पटीने कमी होऊन १२८० च्या घरात येते, चौकट रुंदावते आणि एफ/१० ची दुर्बीण एफ/६.३ ची होते. तेजोमेघाचा जो प्रकाश टिपायला दहा मिनिटे लागत, त्याला चार पुरतात.

अट एकच. रिड्यूसरपासून कॅमेऱ्याचा सेन्सर ठरलेल्या अंतरावर असला पाहिजे. आमच्या रिड्यूसरसाठी ते १०५ मिलिमीटर. इथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ०.६३ हा आकडा रिड्यूसरच्या अंगावर छापलेला असला, तरी तो एकट्या भिंगाचा गुण नव्हे. भिंग आणि अंतर या दोघांचे ते नाते आहे. समजा, एखाद्या रिड्यूसरचे स्वतःचे नाभीय अंतर २२० मिलिमीटर आहे. सेन्सर त्याच्यापासून ५५ मिलिमीटरवर ठेवला तर प्रतिमा ०.७५ पट होईल, ६६ वर ठेवला तर ०.७० पट. गुणक बदलला म्हणून आकाश कोसळत नाही. पण हीच भिंगे चौकटीच्या कडेची प्रतिमाही सुधारत असतात आणि ती सुधारणा ठरलेल्या अंतराभोवतीच नीट साधते. अंतर फार चुकले की मधले तारे टिंबासारखे गोल राहतात आणि कोपऱ्यांतले स्वल्पविरामासारखे ओघळतात.

हे १०५ आले कुठून, याचाही एक इतिहास आहे. जपानच्या टॅमरॉन कंपनीने १९५७ साली वेगवेगळ्या कॅमेऱ्यांना एकच भिंग बसावे म्हणून एक जोडणी काढली. तिच्यात जोडणीच्या पृष्ठापासून फिल्मपर्यंत ५५ मिलिमीटर अंतर धरलेले होते. कॅनन ईएफ कॅमेऱ्याच्या तोंडापासून सेन्सर ४४ मिलिमीटर आत असतो, म्हणून त्याची टी-रिंग ११ ची. निकॉन एफचा ४६.५ आत, म्हणून त्याची ८.५ ची. बेरीज दोन्हीकडे ५५. आमच्या दुर्बिणीच्या जातीत त्याच्यापुढे ५० मिलिमीटरची नळी येते आणि १०५ पुरे होतात. आरशाचे कॅमेरे मागे पडले, फिल्म तर कधीच गेली. ५५ हा आकडा मात्र राहिला. छंदाचा नियम मूळ चाल विसरली गेल्यावरही पाळला जातो, तसेच हे.

आमचा कॅमेरा खास आकाशाच्या छायाचित्रणासाठी बनवलेला. त्याला टी-रिंग नाही. 'मागे ५५ मिलिमीटर हवे' एवढे आम्ही वाचलेले होते, म्हणून तेवढ्या लांबीची नळी करून घ्यायला गावातल्या वर्कशॉपमध्ये गेलो. टर्नरने माप कागदावर लिहून घेतले आणि विचारले, "सर, पंचावन्न कुठून कुठपर्यंत? आटे धरून की सोडून?" आम्ही घाईत होतो. आटे सोडून नळी सरळ पंचावन्नची करा, असे सांगून आम्ही निघालो. त्यांनी ती तशीच केली, आणि फार देखणी केली.

त्यानंतर दोन अमावास्या वाया गेल्या. चौकटीचे चारही कोपरे काळवंडलेले, तिथले तारे लांबलेले. द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीने पडद्यावरचे छायाचित्र पाहून विचारले, "सर, कडेचे तारे असे का?" आम्ही तिला मोठ्या अधिकाराने सांगितले की, स्वस्त भिंगाची ती मर्यादाच आहे. तिने ते वहीत लिहून घेतले. या साऱ्या प्रकरणात आम्हांला आजही बोचते ते तिचे ते लिहून घेणे.

पुढे सहकाऱ्यांनी छायाचित्रातील ताऱ्यांच्या स्थानांवरून दुर्बिणीचे प्रत्यक्ष नाभीय अंतर काढले. ते १२८० नव्हते, साडेअकराशेच्या आसपास होते. म्हणजे सेन्सर हवा त्याहून बराच मागे बसला होता. आम्ही कॅमेरा घेऊन पुन्हा वर्कशॉपमध्ये गेलो. टर्नरने तो उजेडात धरून आत पाहिले आणि म्हणाले, "चिप तर आत आहे की, सर. हे आतलं अंतर कोणी धरलं?" कोणीच धरले नव्हते. सेन्सर कॅमेऱ्याच्या तोंडापासून १७.५ मिलिमीटर आत होता. ते ५५ सेन्सरपर्यंतचे होते, कॅमेऱ्याच्या तोंडापर्यंतचे नव्हे. नळी हवी होती ३७.५ ची. माहितीपत्रकात हा आकडा छापलेला होता आणि आम्ही तो वाचलाही होता. त्याचे काय करायचे, हे मात्र आम्हांला उमगले नव्हते. भिंग निर्दोष होते. दोष आमच्या उभे राहण्याच्या जागेत होता, आणि त्याचे खापर आम्ही भिंगावर फोडले होते.

आता मूळ मुद्दा. मराठी समीक्षेत हे खापर फोडणे सर्रास चालते, असे आमचे मत आहे. दलित आत्मकथनांविषयी एक आक्षेप दीर्घकाळ घेतला गेला: लेखकाला अनुभवापासून पुरेसे अंतर घेता आलेले नाही, म्हणून लेखन कच्चे राहिले. १९७८ सालचे 'बलुतं' यासमोर ठेवून पाहावे. तिथे दया पवार आपली कहाणी थेट सांगत नाहीत; दगडू मारुती पवार ती सांगतो आणि दया पवार ऐकतो. एकाच माणसाचे दोन केलेले आहेत आणि त्या दोघांमधले अंतर हाच पुस्तकाचा सांगाडा आहे. अंतर नाही असे म्हणणाऱ्याने ते कुठून कुठपर्यंत मोजले? लेखकापासून निवेदकापर्यंत मोजले असते, तर ते पहिल्याच पानांत सापडले असते. बहुधा त्याने ते स्वतःच्या खुर्चीपासून महारवाड्यापर्यंत मोजले, आणि आलेले अस्वस्थपण लेखकाच्या खात्यावर मांडले.

आमच्यावर असा आक्षेप येईल की, साहित्य मिलिमीटरमध्ये मोजता येत नाही. मान्य, तशी आमची मागणीही नाही. आकडा नसला तरी चालेल, टोके सांगा, एवढेच आमचे म्हणणे. 'मानसिक अंतरा'ची कल्पना मांडणाऱ्या एडवर्ड बुलोने १९१२ च्या आपल्या निबंधातच नोंदवले होते की, हे अंतर माणसागणिक बदलते आणि कलाकृतीगणिकही. वेन बूथने १९६१ मध्ये लेखक, निवेदक, पात्रे आणि वाचक यांच्यातली अंतरे वेगवेगळी करून दाखवली. आमच्या वर्गांत यातले 'अंतर' तेवढे उरले आणि टोके गळून पडली.

दोषाच्या खुणा वाचण्याच्या बाबतीतही त्या नळीने आम्हांला शहाणे केले. चारही कोपरे सारखेच बिघडले असतील, तर संशय अंतराचा. एकच कोपरा किंवा एकच बाजू बिघडली असेल, तर बहुधा सेन्सर कललेला. चौकटीतले सगळे तारे एकाच दिशेला लांबले असतील, तर दुर्बीण आकाशाच्या गतीबरोबर नीट फिरलेली नाही. मध्यावरचाच तारा एकीकडे ओघळला असेल, तर आरशांची जुळणी पाहावी. 'छायाचित्र जमले नाही' हे यातले कोणतेच निदान नव्हे. 'कादंबरी फसली आहे' हेही नव्हे. तरी अशा वाक्यांवर आमची कितीतरी परीक्षणे उभी आहेत.

आणि हे सांगायला मराठी अपुरी पडते, ही तक्रार आम्हांला पटत नाही. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली 'भारतीय ज्योतिषशास्त्र' मराठीतच लिहिले. आटे, बैठक, लेथ, बुश हे शब्द वर्कशॉपमध्ये रोज राबत आहेत. उणीव आहे ती ते कागदावर आणणाऱ्यांची, आणि त्यात आम्ही आलोच.

नवी नळी बसवली तेव्हा मार्च उजाडला होता आणि मृग लवकर पश्चिमेकडे झुकू लागला होता. तरी एक रात्र मिळाली. कोपऱ्यांतले तारे अगदी निर्दोष आले असे म्हणणार नाही. पण ते आता तारे दिसत होते. त्या विद्यार्थिनीला आम्ही दोन्ही छायाचित्रे शेजारी ठेवून दाखवली आणि वहीतले ते वाक्य खोडायला सांगितले. तिने ते खोडले आणि विचारले, "मग सर, परीक्षेत 'योग्य अंतर' असं लिहायचं की नाही?" आम्ही म्हणालो, लिही, पण कुठून कुठपर्यंत, तेही लिही. नसेल लिहिले तर आम्ही विचारू.