मशीन माळ्यावर टाकण्याआधी झोप तपासा



वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेच्या जाहिरातींत हल्ली मधुमेह आणि रक्तदाबाच्या जोडीला स्लीप ॲप्नियाही (झोपेत श्वास अडखळण्याचा आजार) ‘कायमचा बरा’ होणाऱ्या आजारांत धरला जातो. शस्त्रक्रियेने हा आजार उतरतो, यात वाद नाही. जिभेतली, मानेभोवतीची आणि पोटावरची चरबी कमी झाली की झोपेत घसा मिटण्याचे प्रसंग घटतात. पण आजार किती उतरला हे पुन्हा स्लीप स्टडी, म्हणजे झोपेची तपासणी, केल्याखेरीज कळत नाही, आणि ही दुसरी तपासणी बऱ्याचदा रुग्णाच्या मर्जीवर सोडलेली असते. माझा आक्षेप एवढ्यापुरताच आहे.

बावीस हजारांहून अधिक रुग्णांचा एक आढावा २००४ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात सुमारे ८६ टक्के रुग्णांचा स्लीप ॲप्निया गेल्याचे म्हटले होते. आकडा दिपवणारा आहे. मात्र एकत्र केलेल्या अभ्यासांत ‘गेला’ कशाला म्हणायचे याचे निकष सारखे नव्हते. शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा झोप मोजलेल्या ३४२ रुग्णांचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. श्वास अडखळण्याचे प्रसंग तासाला सरासरी ५५ वरून १६ वर आले होते. ही घट मोठीच आहे, पण तासाला १५ च्या वर आकडा असला तर आजार मध्यम स्वरूपाचा मानतात. म्हणजे सरासरी रुग्णाचा आजार हलका झाला होता, गेला नव्हता. जबड्याची ठेवण आणि वय हीही या आजाराची कारणे आहेत, आणि ती वजनकाट्यावर उतरत नाहीत.

यावर हमखास येणारे उत्तर असे, की घोरणे थांबले, दिवसा पेंग येत नाही, मग तपासणी कशाला? घोरणे हा नुसता आवाज आहे. तो मंदावला तरी श्वास थांबणे आणि रक्तातला ऑक्सिजन घसरणे चालू राहू शकते, आणि झोपलेला माणूस त्याचा साक्षीदार नसतो. शिवाय झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणाऱ्या सीपॅप मशीनचा दाब जुन्या वजनानुसार लावलेला असतो. वजन उतरल्यावर तो जास्त होऊ शकतो, चेहरा बारीक झाल्याने मास्क सैल होऊन हवा गळते, आणि वैतागलेला रुग्ण मशीन माळ्यावर टाकतो. तेव्हा दुसरी तपासणी मशीन बंद करण्यासाठी नसली तरी दाब नव्याने ठरवण्यासाठी लागतेच.

या तपासणीच्या खर्चाचा मुद्दा खरा, पण लाखोंच्या शस्त्रक्रियेपुढे तो टिकत नाही. काही रुग्णांची तपासणी आता घरच्या घरीही होते. विमा नियामक आयआरडीएआयच्या २०१९ च्या नियमांत बीएमआय ३५ किंवा अधिक असलेल्यांसाठी तीव्र स्लीप ॲप्निया हे शस्त्रक्रियेच्या दाव्याचे एक ग्राह्य कारण आहे. दावा मंजूर व्हावा म्हणून झोप मोजायची आणि दावा मिळाल्यावर मोजायची गरज नाही म्हणायचे, हे कोणत्या तर्कात बसते? टिर्झेपेटाइड या औषधाला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये याच आजारासाठी मंजुरी मिळाली, ती वर्षभराच्या उपचारानंतर झोप पुन्हा मोजून दाखवल्यावर. इंजेक्शनला लावलेली कसोटी सुरीला का नको?

असे लिहिल्याने गरजू रुग्ण शस्त्रक्रियेपासून बिचकतील, अशी भीती काही डॉक्टर व्यक्त करतील. मला ती पटत नाही. मधुमेह आणि रक्तदाबावर या शस्त्रक्रियेचा होणारा लाभ भक्कम आहे. तिला अतिशयोक्तीचा टेकू लागत नाही.

तेव्हा शल्यचिकित्सकांना विनंती, की वजन स्थिरावल्यानंतरची स्लीप स्टडी पॅकेजमध्येच धरावी आणि वजन पुन्हा चढले तर ती परत करावी. रुग्णांच्या नातेवाइकांनीही घरी सोडतानाच तिची तारीख मागून घ्यावी. तोवर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मशीन बंद करू नये.

– एक वाचक, ठाणे