जुन्या घड्याळांना नवा रंग

जुनी मनगटी घड्याळे जमविणाऱ्यांना आज घड्याळांचा तुटवडा भासत नाही. तुटवडा आहे तो मूळ रूपात टिकलेल्या घड्याळांचा. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने एच. एम. टी.ने १९६१ साली बंगळूर येथे घड्याळनिर्मिती आरंभिली. रोज चावी द्यावी लागणारे तिचे 'जनता' हे घड्याळ पुढे खेडोपाडी पोहोचले. दारव्ह्यासारख्या तालुक्याच्या गावी ते जावयाला लग्नात मिळाले, मास्तरांच्या आणि कारकुनांच्या मनगटावर मिरवले. क्वार्ट्झ घड्याळे आल्यावर ते कपाटात गेले. २०१६ साली केंद्र सरकारने एच. एम. टी.चा घड्याळ-व्यवसाय बंद करण्याचा निर्णय घेतला आणि अडगळीतील या वस्तूंना एकाएकी मोल आले.

वऱ्हाडातील उन्हाळ्याने यंत्रातील तेल आटते, पावसाळ्यातील ओलाव्याने तबकडीवर डाग पडतात, हे खरे. परंतु निसर्गाने केली नाही एवढी हानी बाजाराने चालविली आहे. मूळ तबकडी खरवडून तिच्यावर भडक रंग चढवायचा, कारखान्यातून कधीच न निघालेली नक्षी छापायची, तीन घड्याळांचे भाग एकत्र करून चौथे उभे करायचे आणि ते 'जुने, अस्सल' म्हणून विकायचे, असा हा उद्योग आहे.

कोणी म्हणेल, जुनी वस्तू दुरुस्त करणे हा काय गुन्हा आहे? मुळीच नाही. घड्याळजीने यंत्र साफ करावे, तेल द्यावे, तुटलेली कमान बदलावी; त्यावाचून घड्याळ चालणारच नाही. मात्र दुरुस्ती निराळी आणि बतावणी निराळी. पहिलीने घड्याळाचे आयुष्य वाढते, दुसरीने त्याचा इतिहास पुसला जातो. आणि पुसलेली तबकडी पुन्हा मिळत नाही.

याचा दोष केवळ विक्रेत्यांच्या माथी मारून चालणार नाही. चकाकीला अधिक दाम देणारा ग्राहकच या रंगाऱ्यांना पोसतो. डागाळलेल्या, पण मूळ तबकडीला संग्राहकांनी चढा भाव दिला, आणि काय बदलले हे विक्रेत्याने लेखी सांगावे असा आग्रह धरला, तर हा व्यवहार सुधारेल. दारव्ह्यातील घरोघरच्या पेट्यांत अशी घड्याळे अजून पडून असतील. ती रंगवून घेण्यापेक्षा कोणाची, कोणत्या साली घेतलेली, एवढी चिठ्ठी त्यांच्यासोबत ठेवणे अधिक शहाणपणाचे. रंग कोणालाही देता येतो. ही माहिती मात्र घरातील वृद्धांबरोबरच नाहीशी होईल.