पायऱ्यांशी थांबलेली आजी

दर गणेशचतुर्थीला आम्ही एक दृश्य पाहतो. मंदिराच्या पायऱ्यांशी मोटार थांबते आणि एखाद्या आजीला दोन नातू खुर्चीसकट उचलून वर नेतात. पाहणाऱ्यांना नातवांचे कौतुक वाटते, आणि ते योग्यच आहे. पण आजीच्या चेहऱ्यावर पडण्याची भीती असते आणि चारचौघांत उचलले जाण्याचा संकोचही. पुढच्या वर्षी ती घरूनच हात जोडते.

असे होऊ नये म्हणून काय करता येते? १९६८ पासून मुंबईचे भगिनी-शहर असलेल्या जर्मनीतील स्टुटगार्टकडे पाहावे. तेथे जेम्स स्टर्लिंग या ब्रिटिश वास्तुकाराने बांधलेले नवे कलासंग्रहालय १९८४ मध्ये खुले झाले. जागा चढावाची, परंतु त्याने उतारमार्ग मागल्या दारी लपवले नाहीत. गुलाबी-निळ्या जाड कठड्यांसह ते दर्शनी भागातच मांडले. शहराची एक पायवाटही इमारतीतल्या गोल चौकाला वळसा घालून वरच्या रस्त्याला जाते.

ते बांधकाम आजच्या नियमांपूर्वीचे. जर्मनीच्या २०१० च्या मानकानुसार सार्वजनिक इमारतीच्या उतारमार्गाचा चढ शंभराला सहापेक्षा अधिक नसावा, रुंदी १.२० मीटर असावी, दर सहा मीटरनंतर दीड मीटर सपाट जागा हवी आणि दोन्ही बाजूंना धरायला कठडे हवेत.

आता आपला हिशेब करू. पंधरा सेंटिमीटरच्या चार पायऱ्या म्हणजे साठ सेंटिमीटर उंची. तिला दहा मीटर उतार आणि मध्ये दीड मीटर विसावा लागेल. भारतात बारास एक हे प्रमाण रूढ आहे. तेही धरले तरी सात मीटर वीस सेंटिमीटर लांबी हवीच. आपल्याकडे मात्र सणापुरती दोन मीटरची फळी टाकतात. हा चढ शंभराला तीस झाला! त्यावरून चाकाची खुर्ची ढकलणाराही घसरेल, मग पावसात गुळगुळीत टाइलवर काय होईल?

जागा नाही, अशी तक्रार आम्ही ऐकतो. उतार वळवून घेता येतो. अंगणातली मोटारींची एखादी जागा जाईल, जाऊ द्या. मॉरिशसने अपंगांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार २०१० मध्येच स्वीकारला आहे. ज्या मंडळांनी यंदा मंदिराची वा सभागृहाची डागडुजी काढली आहे, त्यांनी गवंड्याला बोलावण्याआधी टेप घेऊन जोत्याची उंची मोजावी, आणि मोजताना त्या आजीलाही विचारावे.