शेजवलकरांचा आराखडा आणि विभागातली रद्दी

त्र्यंबक शंकर शेजवलकर १९६३ साली निवर्तले तेव्हा त्यांचे शिवचरित्र लिहून झालेले नव्हते. मागे उरली होती ती प्रस्तावना, प्रकरणांचा आराखडा आणि जमवलेली साधने. पुढच्याच वर्षी मुंबईच्या मराठा मंदिराने ते सारे 'श्रीशिवछत्रपती' या नावाने छापले. न लिहिलेल्या ग्रंथाचे हे कागद. पण शिवकालाचा अभ्यासक आजही ते टाळून पुढे जाऊ शकत नाही.

हेच शेजवलकर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात मराठ्यांचा इतिहास शिकवीत. मग इतिहासाच्या प्राध्यापकाच्या वर्गातील टिपणांना अशा आराखड्याइतके मोल का नसावे?

आपल्याकडे प्राध्यापक निवृत्त झाला की शाल-श्रीफळ मिळते आणि पाठोपाठ कपाट रिकामे करण्याची सूचना. ग्रंथ ग्रंथालयात जातात. व्याख्यानांची टिपणे, जुने अभ्यासक्रम, प्रश्नपत्रिका रद्दीत. मोडी रुमालांसाठी गावोगाव हिंडलेल्या संशोधकांचा वारसा सांगायचा आणि स्वतःचे दप्तर किलोच्या भावाने द्यायचे, याला बेपर्वाईखेरीज दुसरा शब्द नाही.

यावर ठरलेले उत्तर येते : टिपणे तीच ती असतात, महत्त्वाचे ते छापले गेलेलेच असते. इतिहासाच्या माणसाने असे म्हणावे याचे नवल वाटते. लॉर्ड ॲक्टन १८९५ पासून १९०२ मध्ये मृत्यू येईपर्यंत केंब्रिजला इतिहासाचे प्राध्यापक होते. हयातीत त्यांच्या हातून एकही मोठा ग्रंथ पुरा झाला नाही. आधुनिक इतिहासावरची त्यांची व्याख्याने १९०६ साली छापली गेली, फ्रेंच राज्यक्रांतीवरची १९१० साली. 'छापले तेवढेच महत्त्वाचे' हा निकष १९०२ साली कोणी लावला असता, तर?

आणि 'तीच ती' टिपणेही बोलतात. पानिपतच्या पराभवाची कारणे कोणत्या क्रमाने शिकवली, त्यांतले कोणते पुढे खोडले, समासात कोणत्या नव्या ग्रंथाचे नाव आले, परीक्षेत नेमके काय विचारले, हे छापील पुस्तकात सापडत नाही. एका पिढीच्या डोक्यात इतिहास कसा बसवला गेला, त्याचे हे अव्वल दर्जाचे साधन आहे.

जागेची अडचण खरी, पण अर्धीच. सगळेच ठेवा असा आग्रह कोणाचाच नाही. निवड करावी, विद्यार्थ्यांचे गुण आणि खासगी पत्रे काही वर्षे बंद ठेवावीत, विद्यार्थ्यांनी उतरवून घेतलेल्या वह्याही मागून घ्याव्यात. मात्र हे काम प्राध्यापक विभागात असतानाच व्हायला हवे. तारीख न घातलेले टिपण कोणत्या वर्षीचे, हे सांगू शकणारा माणूस बहुधा तो एकटाच असतो.