लॉरेन्स ब्राउन : एका नळीचे अनेक आवाज



पाश्चात्त्य संगीताविषयी लिहावयाचे झाले म्हणजे लेखणी बहुधा गायकाकडे, नाही तर पियानो किंवा व्हायोलिन वाजविणाऱ्याकडे वळते. त्यांचे नाव तबकडीच्या वेष्टनावर ठळक छापलेले असते, त्यांचे चित्र ओळखीचे असते. आज आम्ही अशा एका वादकाविषयी लिहिणार आहोत, ज्याने आपल्या आयुष्यातील एकूण एकोणतीस वर्षे दुसऱ्याच्या नावाने चालणाऱ्या वाद्यवृंदात खर्ची घातली. वादकाचे नाव लॉरेन्स ब्राउन, वाद्य ट्रॉम्बोन, आणि वाद्यवृंद ड्यूक एलिंग्टन यांचा. 'अष्टपैलू' हा शब्द आपण फार सहजपणे वापरतो. त्या शब्दाचा खरा अर्थ काय, आणि त्याची किंमत कोणाला मोजावी लागते, हे ब्राउन यांच्या वादनातून फार चांगले समजते, असे आमचे मत आहे.

प्रथम वाद्याचा परिचय करून घेऊ. ट्रॉम्बोन ही सुमारे नऊ फूट लांबीची, दुमडलेली पितळी नळी होय. तिच्या एका टोकास वादकाचे ओठ व दुसऱ्या टोकास रुंद कर्णा. हार्मोनियमप्रमाणे तिला पट्ट्या नाहीत, बासरीप्रमाणे बोटांची छिद्रे नाहीत. नळीचा एक भाग पुढेमागे सरकतो, एवढेच काय ते यंत्र. आपल्या वाचकांना हे तत्त्व समजण्यास शोफाराचा दाखला पुरेसा आहे. शोफारात जिव्हाळी नसते. ओठांच्या कंपनानेच नाद उमटतो, आणि शिंगाची लांबी ठरलेली असल्यामुळे त्यातून मोजकेच सूर निघतात. आता कल्पना करा की, थोड्याथोड्या फरकाने लांबी वाढत जाणारे सात शोफार एकाच वादकाच्या हाती आहेत व तो क्षणार्धात एकावरून दुसऱ्यावर जाऊ शकतो. ट्रॉम्बोनच्या सरकत्या नळीच्या सात जागा म्हणजे हेच सात शोफार. प्रत्येक जागेगणिक सूर अर्ध्या स्वराने खाली उतरतो. या जागांवर कोठेही खूण केलेली नसते. सारंगीवाद्याप्रमाणे येथेही कान हाच गुरू. म्हणूनच या वाद्यावर मींड जितकी स्वाभाविक, तितका शुद्ध आणि चपळ सूर कठीण. नळी सरकत असताना फुंकर अखंड राहिली तर सूर घसरतो. तो घसरू न देता स्वच्छ वाजविण्यास जीभ, हात आणि श्वास यांचा अचूक मेळ लागतो.

यामुळे जाझ संगीताच्या आरंभीच्या काळात ट्रॉम्बोनकडे बव्हंशी भरड काम असे. खालच्या पट्टीत आधार द्यावा, मधूनच एखादी लांब मींड घेऊन श्रोत्यांना हसवावे, यापलीकडे त्याजकडून फारशी अपेक्षा नसे. पुढे एकोणीसशे वीस व तीसच्या दशकांत चौदा-पंधरा वादकांचे मोठे वाद्यवृंद उदयास आले. त्यांना 'बिग बँड' म्हणतात. त्यांत ट्रम्पेटवाल्यांची एक ओळ, ट्रॉम्बोनवाल्यांची दुसरी, सॅक्सोफोनवाल्यांची तिसरी, आणि पियानो, गिटार, बास व ड्रम यांची ताल सांभाळणारी चौथी, अशी रचना असे. ट्रॉम्बोनची ओळ ही तेथील माजघर होय. पाहुण्यांच्या नजरेस ती फारशी येत नाही, परंतु घर तिच्यावरच चालते.

एलिंग्टन यांचे वैशिष्ट्य असे की, ते वाद्यासाठी न लिहिता माणसासाठी लिहीत. त्यांच्या कागदांवर पुष्कळदा वाद्याच्या नावाऐवजी वादकाचे नाव आढळते. १९३२ साली ब्राउन त्यांच्याकडे आले तेव्हा ट्रॉम्बोनच्या ओळीत दोघे जण आधीच बसलेले होते. जो नॅन्टन यांना सारे 'ट्रिकी सॅम' म्हणत. तुंबलेली मोरी मोकळी करण्यासाठी दांड्याच्या टोकाला जी रबरी वाटी बसवितात, तशी वाटी कर्ण्यासमोर उघडझाप करून ते वाद्याला माणसासारखे बोलते करीत. कण्हणे, कुरकुरणे, हसणे, सारे काही त्यात येई. दुसरे ह्वान टिझोल, पोर्तो रिकोचे. त्यांचा ट्रॉम्बोन सरकत्या नळीचा नसून कळांचा होता, सूर नितळ आणि रेखीव. 'कॅरव्हॅन' ही सुप्रसिद्ध चाल मूळ त्यांचीच. एका ओळीत असे दोन परस्परविरोधी आवाज असताना तिसऱ्याने नवीन काय आणावे?

ब्राउन यांचा जन्म १९०७ सालचा, कॅन्सस राज्यातील लॉरेन्स या गावचा. वडील धर्मोपदेशक. बालपणीच कुटुंब कॅलिफोर्नियात गेले. मुलाने पियानो, व्हायोलिन व ट्यूबा ही वाद्ये हाताळली, काही काळ वैद्यकाच्या दृष्टीने महाविद्यालयीन शिक्षणही घेतले, आणि अखेर ट्रॉम्बोन पत्करला. चेलो या तंतुवाद्याचा दीर्घ, गहिरा, गाता सूर या पितळी नळीतून काढावा, ही त्यांची आकांक्षा. मद्य व धूम्रपान यांपासून ते अलिप्त राहिले. रात्रीच्या रंगमहालात वाजवूनही वागणे इतके गंभीर की, सोबत्यांनी त्यांना 'डीकन', म्हणजे चर्चचा सेवक, असे टोपणनाव ठेविले होते.

त्यांच्या आगमनाने सर्वांनाच आनंद झाला असे मात्र नव्हे. हा वादक फार सफाईदार आहे, याच्या गोडव्याने एलिंग्टन यांच्या संगीतातील रांगडेपणा जाईल, अशी टीका अमेरिकेत आणि इंग्लंडातही काही समीक्षकांनी केली. कृष्णवर्णीय वादकाने अमुक एका पद्धतीनेच वाजविले पाहिजे, अशी समजूत त्या टीकेच्या तळाशी होती, असे आम्हांस वाटते. जो मनुष्य चेलोच्या सुराचा ध्यास घेतो त्याला 'तू तुझ्या रिवाजाप्रमाणे कुरकुर कर' असे सांगणे म्हणजे त्याची स्तुती करण्याच्या निमित्ताने त्याला कोंडून घालणेच होय. आम्ही बेने इस्राएल लोक या प्रकारच्या अपेक्षांशी अगदीच अपरिचित नाही.

ब्राउन यांनी या टीकेला वादाने उत्तर दिले नाही, वाद्याने दिले. १९३२ मधील 'द शेक ऑफ अरबी' या मुद्रणात त्यांची चपळाई ऐकावी. एरवी ट्रम्पेटवाल्याने घ्यावीत अशी वळणे ते सहजी घेतात आणि एकही सूर घसरत नाही. १९३८ मधील 'रोझ ऑफ द रिओ ग्रांडे' मध्ये तोच वादक खेळकर होतो. तो तुकडा इतका नेमका उतरला होता की, पुढे वर्षानुवर्षे ब्राउन यांनी तो जवळजवळ तसाच वाजविला. जाझमध्ये दर वेळी नवे रचण्याचा प्रघात असल्याने काहींनी त्यास दोषही दिला. परंतु पक्क्या बंदिशीला रोज बदलण्याची गरज नसते, हे आपल्याकडील जाणकारांस सांगणे नलगे.

त्याच १९३८ साली 'ब्ल्यू लाइट' नामक संथ रचनेत ब्राउन यांनी थोडा वेळ एक स्वरावली वाजविली. एलिंग्टन यांनी ती लक्षात ठेविली. १९४६ मध्ये तिच्याच आधारावर त्यांनी 'ट्रान्सब्ल्यूसेन्सी' ही रचना उभारली, आणि तीत केय डेव्हिस या गायिकेचा शब्दविरहित आवाज, क्लॅरिनेट व ब्राउन यांचा ट्रॉम्बोन यांना एकत्र आणले. ऐकताना मानवी कंठ कोठे संपतो आणि पितळ कोठे सुरू होते, हे क्षणभर कळत नाही.

आता एका नाजूक प्रश्नाकडे वळू. १९३३ मधील 'सॉफिस्टिकेटेड लेडी' ही एलिंग्टन यांच्या सर्वांत गाजलेल्या चालींपैकी एक. तिच्या मुख्य भागाची कल्पना आपली व मधल्या भागाची सॅक्सोफोनवादक ऑटो हार्डविक यांची, असे ब्राउन सांगत. मोबदला म्हणून पंधरा डॉलर हाती आले, असेही ते म्हणत. कर्ते म्हणून छापून आली ती नावे एलिंग्टन, व्यवस्थापक अर्व्हिंग मिल्स व गीतकार मिचेल पॅरिश यांची. न्यायाने बोलावयाचे तर एलिंग्टन यांनी स्वरसंगती आणि वाद्ययोजना केली नसती, तर ती स्वरावली एखाद्या खोलीतच विरून गेली असती. परंतु बीज कोणाचे, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही. मुद्रणात ती चाल प्रथम ब्राउन यांच्याच ट्रॉम्बोनवर ऐकू येते. कागदावर नसलेली सही तेथे आहे, असे समजून ती ऐकावी.

१९४६ च्या जुलैमध्ये वाद्यवृंद दौऱ्यावर असताना नॅन्टन सॅन फ्रॅन्सिस्को येथे निवर्तले. ब्राउन यांनी १९५१ मध्ये वृंद सोडला. काही वर्षे जॉनी हॉजेस यांच्या छोट्या संचात, नंतर न्यूयॉर्कच्या एका नभोवाणी-दूरचित्रवाणी संस्थेत त्यांनी काम केले. १९६० मध्ये ते पुन्हा एलिंग्टन यांच्याकडे परतले, तेव्हा जुन्या रचनांतील नॅन्टन यांची जागा भरून काढणारा कोणी तरी हवा होता. ती रबरी वाटी आता ब्राउन यांच्या हाती आली. ज्या कुरकुरीच्या अभावी एके काळी त्यांना दोष दिला गेला, तीच कुरकुर पन्नाशी ओलांडल्यावर त्यांनी करावयाची होती! हे काम त्यांना आवडत नसे आणि ते त्यांनी लपविलेही नाही. तरीही 'ब्लॅक अँड टॅन फँटसी' सारख्या रचनांतील त्यांचे या काळचे वादन ऐकावे. दिवंगत सोबत्याचा आवाज त्यांनी प्रामाणिकपणे जिवंत ठेविला आहे. त्यात टिंगल नाही आणि टाळाटाळही नाही. दुसऱ्या क्षणी वाटी खाली ठेवून ते आपला चेलोचा सूर लावतात, तेव्हा तोच मनुष्य वाजवीत आहे यावर कान विश्वास ठेवीत नाहीत. आमच्या मते त्यांच्या अष्टपैलुत्वाची खरी कसोटी येथे लागली. आपल्याला आवडणाऱ्या पाच गोष्टी करणे हे कौशल्य खरे. पण सहाव्या, नावडत्या गोष्टीची मंडळीला गरज आहे म्हणून ती पहिल्या पाचांइतक्याच निष्ठेने करणे, हे चारित्र्य होय.

मुंबईशी या कथेचा धागा जुळतो तो १९६३ मध्ये. त्या वर्षी अमेरिकन परराष्ट्र खात्याच्या वतीने एलिंग्टन यांचा वाद्यवृंद पश्चिम आशिया व भारत यांच्या दौऱ्यावर निघाला. भारतातील ज्या शहरांत तो गेला त्यांत आपली मुंबईही होती, आणि ट्रॉम्बोनच्या ओळीत ब्राउन होते. नोव्हेंबरमध्ये अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाल्यामुळे दौरा तुर्कस्तानातच आटोपता घ्यावा लागला. त्या प्रवासाचे स्मरण म्हणून निर्माण झालेली 'फार ईस्ट स्वीट' ही रचनामाला १९६६ च्या डिसेंबरात मुद्रित झाली. तीतील 'अमाद' या भागात ब्राउन यांचा ट्रॉम्बोन एकटाच हाक घालतो. लोद किंवा रामला येथे राहणाऱ्या आपल्या वाचकांना ती ऐकताच मशिदीच्या मनोऱ्यावरून येणारी अजान आठवेल. दोन स्वरांच्या मधल्या वाटेने जाणारी ती हाक पट्ट्यांच्या वाद्यावर निघालीच नसती.

१९७० मध्ये ब्राउन यांनी एलिंग्टन यांची रजा घेतली व वाद्य कायमचे बाजूला ठेविले. १९८८ च्या सप्टेंबरात, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे लॉस एंजेलिस येथे निधन झाले.

आपल्या समाजातील कीर्तनाची परंपरा ज्यांनी ऐकली आहे त्यांना ठाऊक असेल की, कीर्तनकाराचे नाव होते, परंतु झील धरणारे कच्चे निघाले तर आख्यान पडते. शिक्षकी पेशात इतकी वर्षे घालविल्यावर आम्हांला असे दिसते की, वर्गात पुढे उभे राहून बोलणाऱ्या मुलाचे कौतुक सारेच करतात. दुसऱ्याचे वाक्य अडले असता ते हलकेच पुरे करणारे मूल मात्र प्रगतिपुस्तकात कोठेच नोंदले जात नाही. अशा मुलाचे नाव घेणे हे शिक्षकाचे काम, आणि अशा वादकाचे नाव घेणे हे श्रोत्याचे.

इच्छुकांनी 'सॉफिस्टिकेटेड लेडी' चे १९३३ चे मुद्रण मिळवून दोनदा ऐकावे. पहिल्या खेपेस केवळ चालीकडे लक्ष द्यावे. दुसऱ्या खेपेस ब्राउन यांचा तुकडा संपल्यावरही त्यांना सोडू नये. इतर वादक पुढे आले असता मागील ओळीत ट्रॉम्बोन काय करीत आहेत, तिकडे कान द्यावा. घरातील मुलांनाही सोबत बसवावे, आणि त्यांना काय ऐकू आले ते आम्हांस अवश्य कळवावे. पुढील अंकी त्यांतील निवडक उत्तरांचा परामर्श घेऊ.