अकरावीचा अर्ज आणि मनाची उमेद

मे-जून महिन्यांत दवाखान्यात पोटदुखीचे रुग्ण वाढतात. ऊन, लग्नसराईतील जेवणे आणि गढूळ पाणी ही त्याची नेहमीची कारणे. परंतु त्यात पंधरा-सोळा वर्षांची काही मुले अशी असतात की, पोट तपासले तर मऊ, ताप नाही, जुलाब नाहीत, तरी दुखणे थांबत नाही. कुणाचे डोके ठणकते, कुणाला रात्री झोप नाही, कुणाच्या छातीत धडधडते. अशा वेळी मी विचारतो, "यंदा दहावीला होतास का?" बहुतेकदा उत्तर "हो" असेच येते.

हे दुखणे खोटे नसते. मनावर ताण आला की शरीरात अॅड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके वाढतात. नाडी जलद होते, आतड्यांची हालचाल बिघडते, भूक मरते, झोप उडते. ताण एका दिवसाचा असेल तर शरीर तो सहज सोसते. तो आठवडेच्या आठवडे रेंगाळला, तर मूल खंगते. प्रवेशाचा ताण हा असा रेंगाळणारा ताण आहे.

२०२५ सालचेच उदाहरण घ्या. पूर्वी अकरावीची केंद्रीय ऑनलाइन पद्धत मुंबई, पुणे-पिंपरी चिंचवड, नाशिक, नागपूर, अमरावती अशा शहरी भागांपुरती होती. आपल्या शिरूर तालुक्यातील मुले जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात जाऊन कागदी अर्ज भरत आणि मोकळी होत. २०२५-२६ पासून ही पद्धत साऱ्या राज्याला लागू झाली. दहावीचा निकाल १३ मे रोजी लागला. नोंदणीच्या पहिल्याच दिवशी संकेतस्थळ कोलमडले, तारखा पुढे गेल्या आणि पहिली यादी आली ती २८ जूनला. म्हणजे साडेसहा आठवडे नुसती वाट पाहणे! परीक्षेत निदान हातात पेन असते. येथे मुलाच्या हातात काहीच नसते, आणि घरी येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, "काय, कुठं मिळालं?"

अशा वेळी आपण मुलांना सांगतो, "चांगला विचार कर, सगळं मनासारखं होईल." हेतू चांगला असतो, पण माझ्या मते हा सल्ला अपुरा आहे आणि कधीकधी अपायकारकही. मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएले ओटिंगेन यांनी या विषयाचा अनेक वर्षे अभ्यास केला. शिक्षण संपवून नोकरी शोधणाऱ्या तरुणांविषयीचा त्यांचा एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. यशाची गोड स्वप्ने अधिक रंगवणाऱ्यांना पुढे नोकरीचे प्रस्ताव कमी आले, असे त्यात दिसले. स्वप्नात रमलेले मन जणू काम झालेच असे समजून सैल पडते. इच्छा मनात धरावी, पण आड येणारी अडचणही त्याच वेळी डोळ्यांसमोर ठेवावी आणि तिच्यावरचा उपाय आधीच ठरवावा, असे त्या सांगतात.

वढू बुद्रुकचा एक मुलगा त्या सुमारास आईबरोबर दवाखान्यात आला होता. गुण बरे होते, विज्ञान शाखा हवी होती आणि पुण्यातील एक नामांकित महाविद्यालय त्याने मनात धरले होते. आई म्हणाली, "डॉक्टर, याला जरा समजावा. तिथंच मिळणार म्हणून धरून चाल म्हणते, तर हा जेवतच नाही." मी मुलाला विचारले, "आणि नाही मिळालं तर?" त्याने आईकडे पाहिले आणि मान खाली घातली. या प्रश्नाचे उत्तर घरात कुणी काढलेच नव्हते.

अर्जात दहापर्यंत पसंतीक्रम देता येत होते. त्याने दहाही भरले होते. पण पहिली तीन नावे त्याची आणि उरलेली सात ऑनलाइन सेंटरवाल्या दादाने भरलेली! त्या सातांपैकी एकही महाविद्यालय त्याने पाहिलेले नव्हते. अर्जात बदल करायला अजून मुदत होती. मी त्याला कोरा कागद दिला. प्रत्येक नावापुढे चार गोष्टी लिहायच्या : विषय कोणते, शुल्क किती, प्रयोगशाळा कशी, आणि कोरेगाव भीमाला येऊन बस धरली तर वाघोलीच्या कोंडीसह पोहोचायला वेळ किती. मामाला घेऊन तो तीन ठिकाणी जाऊन आला. चार नावे खोडली, दोन नवी घातली. आठवड्याने आला तेव्हा भाकरी खाऊ लागला होता. पहिल्या पसंतीची खात्री त्याला तेव्हाही नव्हती. पण चौथ्या क्रमांकावर आपण काय शिकणार, हे त्याला सांगता येत होते. उमेद म्हणतात ती हीच.

पालकहो, येथे आपली जबाबदारी मोठी आहे. "अमक्याच्या मुलाला मिळालं, तुला का नाही?" हे एक वाक्य आठवडाभराची झोप उडवते. यादी लागण्याआधीच मुलाला स्पष्ट सांगा : "कुठंही लागलं तरी घरात तुझी किंमत तीच राहील." यादी लागल्यानंतर हेच सांगितले तर ते सांत्वन वाटते, आधी सांगितले तर आधार होतो.

ज्यांचे एक-दोन विषय राहिले, त्यांचीही वाट बंद नसते. पुरवणी परीक्षा आहे, एटीकेटीची सवलत आहे, आयटीआय आहे. आपल्याच तालुक्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत मागे पडलेली मुले हाताने काम करता करता विज्ञान शिकू शकतात, हे त्यांनी तेथे दाखवून दिले. शिकण्याचा रस्ता पुण्यातूनच जातो, असे मानण्याचे कारण नाही.

वाट पाहण्याच्या काळात काही पथ्ये पाळावीत. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते; रात्री मोबाईलवर यादीच्या अफवा वाचत बसू नये. संकेतस्थळ दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी पाहावे. जेवण चुकवू नये, चहावर दिवस काढू नये. रोज अर्धा तास चालावे किंवा शेतात काम करावे. प्रवेशाचे नियम त्या त्या वर्षीच्या सूचनांत स्वतः वाचावेत. २०२५ मध्ये पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळूनही प्रवेश न घेणाऱ्यास पुढील नियमित फेऱ्या बंद होत्या. म्हणून पहिले नाव नुसत्या प्रतिष्ठेसाठी लिहू नये.

मात्र दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप किंवा भूक नसेल, मूल कुणाशी बोलेनासे झाले असेल, "माझा काही उपयोग नाही", "जगून काय करू" असे म्हणत असेल, तर ते नाटक समजू नका. रागावू नका, त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो. तो विनामूल्य आहे आणि तेथे मराठीतून बोलता येते. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात तेरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे, आणि त्यात महाराष्ट्राचा क्रमांक सर्वांत वर आहे. अशा घरांत एक फोन वेळेवर झाला तर जीव वाचू शकतो.

अकरावी-बारावीची दोन वर्षे बघता बघता सरतात. मुलाची प्रकृती आणि त्याचा आपल्यावरचा विश्वास यांची गरज त्याला त्यानंतरही जन्मभर लागणार आहे. या हंगामात आधी त्या दोन गोष्टी सांभाळा.